घोड्यांना दोष देण्याआधी तबेल्याचं पाणी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली की माथेरानच्या घोड्यांवर पेपरात पत्रं यायला लागतात. वास येतो, लीद पडलेली असते, लाल मातीचा चिखल होतो, घोड्यांच्या टापांनी रस्ते उखडतात, तेव्हा घोडे कमी करा नाहीतर खाली हलवा. आमच्या घरात तीन पिढ्या घोडे आहेत आणि आमचं पोट त्यांच्यावर चालतं, त्यामुळे मी घोड्यांच्या बाजूने लिहिणार हे उघड आहे. पण वास येतो, चिखल होतो, पावसाळ्यात तबेल्याच्या खालच्या बाजूला तपकिरी पाणी वाहतं हे सगळं खरं आहे, ते मी नाकारत नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की हा सगळा प्रश्न घोड्याचा कमी आणि पाण्याचा जास्त आहे आणि त्याकडे कोणी नीट बघतच नाही.

हिशोब सांगतो म्हणजे पटेल. आमच्याकडची घोडी अंगाने लहान, त्यामुळे एक घोडा दिवसाला साधारण 12 ते 15 किलो लीद टाकतो आणि 6-8 लिटर मुततो. म्हणजे पाच घोड्यांच्या तबेल्यात दिवसाचं मूत झालं 30 ते 40 लिटर. आता त्याच तबेल्याचं पत्र्याचं छप्पर धरा 20 बाय 30 फूट, म्हणजे 56 चौरस मीटरच्या आसपास. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे शाळेतलं गणित. जुलैमध्ये आमच्याकडे एका दिवसात 200 मिलिमीटर पाऊस ही काही अचंब्याची गोष्ट नाही, त्या दिवशी या एका छपरावरून 11 हजार लिटर पाणी खाली येतं. आणि तबेल्याच्या वरच्या अंगाला दहा गुंठे उतार असेल तर त्याच्यावर पडणारं पाणी दोन लाख लिटर, त्यातलं निम्मं जरी जमिनीत मुरलं तरी उरलेलं एक लाख लिटर खाली धावत येणार आणि वाटेत तबेला आहे. म्हणजे खरी घाण 40 लिटर आणि थोडी लीद, पण आपण तिच्यातून लाखभर लिटर चांगलं पाणी जाऊ देतो आणि ते सगळंच घाण करून खाली पाठवतो. मग ओढा घाण, वाट घाण, आणि नाव घोड्याचं.

त्यामुळे माझ्या मते सगळ्यात पहिलं काम म्हणजे चांगलं पाणी आणि घाण पाणी एकमेकांना भेटू न देणं. पावसाचं पाणी तबेल्याला वळसा घालून जायला पाहिजे, आतलं जे थोडं मूत आणि धुण्याचं पाणी आहे ते आपल्या ताब्यात राहिलं पाहिजे. हे जमलं की निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच संपतात. यात काही मोठं इंजिनिअरिंग नाही, कुदळ फावडं, दगड आणि थोडं डोकं लागतं.

माथेरानला हे जास्त महत्त्वाचं का ते सांगतो. आमचा डोंगर वरून जांभ्याचा आणि खाली काळ्या पाषाणाचा. जांभा सच्छिद्र, पाणी पितो, आणि ते पाणी खाली पाषाणावर अडलं की कड्याच्या बाजूला झऱ्यातून बाहेर पडतं. हे झरे आणि शार्लोट तलाव यांच्यावर हे गाव वसलं. म्हणजे वरच्या अंगाला तबेल्यात जे जमिनीत मुरतं ते कायमचं गायब झालं असं नाही, ते खाली कुठेतरी परत येतंच. शार्लोट तलावाचं पाणी लोक पितात. म्हणून कोणी सल्ला दिला की मुताचं पाणी सरळ शोषखड्ड्यात सोडून द्या तर मी त्याला हात जोडतो. शोषखड्डा छपराच्या चांगल्या पाण्याला उत्तम आहे, तेवढंच झऱ्याला पाणी जास्त मिळेल, पण लीदीचं पाणी त्यात नको.

आणि ही लाल माती, ती एकदा वाहायला लागली की थांबत नाही. 2005 च्या जुलैच्या पावसात आमची मिनी ट्रेनची लाईन वाहून गेली होती, गाडी परत सुरू व्हायला 2007 उजाडलं, 2019 ला परत तेच झालं. रुळाखालची भर जिथे टिकत नाही तिथे तबेल्याच्या जोत्याची काय कथा.

आता घोड्याचं सांगतो, कारण वासाबद्दल सगळे बोलतात पण त्या ओल्यात उभं राहणाऱ्या जनावराचं काय होतं ते कोणी विचारत नाही. घोड्याचा खूर उचलून बघा. तळव्याच्या मध्ये एक मऊ त्रिकोणी भाग असतो, रबरासारखा दबतो, चालताना तोच धक्का घेतो. त्याच्या दोन्ही बाजूला खाचा असतात. घोडा दिवसरात्र ओल्या लीदीत उभा राहिला की त्या खाचांमध्ये काळं चिकट काहीतरी साठतं, खूर साफ करायच्या आकड्याने खरवडलं की असा कुजका वास येतो की एकदा घेतला की विसरत नाही, आणि खाच खोल गेली असेल तर घोडा पाय झटकन ओढून घेतो, दुखतं त्याला. वेळेवर साफ करून कोरडं ठेवलं, मोरचूद वगैरे डॉक्टर सांगतील तसं लावलं तर बरं होतं, पण कोरडं ठेवणार कुठे, खाली तर पाणीच. तसंच टाचेच्या मागच्या खळग्यात आणि नळीवर खपल्या धरतात, केस खपलीसकट निघून येतात, हा चिखलाचा रोग. ओल्याने कातडी फुगते, मऊ पडते, मग त्यात जंतू शिरतात. त्यात मे महिनाभर खडकाळ वाटेवर काम केलेलं असतं, नाल झिजलेली असते, आणि मग असा पाय चार महिने ओल्यात.

दुसरी गोष्ट बऱ्याच लोकांना माहितीच नाही. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो म्हणून लोकांना वाटतं त्याला आडवं व्हावंच लागत नाही. तसं नाहीये. गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही, थोडाच वेळ पाहिजे असतो, पण रोजच्या रोज नाही मिळाला तर काही दिवसांनी घोडा उभ्यानेच पेंगून गुडघ्यावर कोसळतो. आणि खाली चिखल असेल, पाणी असेल तर तो आडवा होतच नाही. पावसाळ्यात काही घोड्यांच्या गुडघ्यांना पुढून खरचटलेलं दिसतं, पर्यटक म्हणतात मारलं असेल किंवा पडला असेल, पण काही वेळा त्याच्या मागे हे झोपेचं कारण असतं. कोरडं ठाण मिळालं की घोडा पहिल्याच रात्री अंग टाकतो, सकाळी कुशीला लागलेला भुसा दिसतो तेव्हा बरं वाटतं.

मुतातून निघणारा तो डोळ्यांना झोंबणारा वास, अमोनिया, तो फुप्फुसाला वाईट. पाणी साचलं की गोमाश्या, डास, तबेल्यातल्या त्या चावऱ्या माश्या वाढतात, आणि गोमाशी नुसती चावत नाही तर सर्रासारखा जीवघेणा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. सर्रा झालेला घोडा ज्याने बघितलाय, ताप येतो जातो, अंग सुकत जातं, पोटाखाली सूज उतरते, त्याला मी आणखी काही सांगायची गरज नाही.

आता काय करायचं ते. वरच्या अंगाचं पाणी आधी, कारण तेच सगळ्यात जास्त. तबेल्याच्या भिंतीपासून सहा-आठ फूट सोडून वरच्या बाजूला आडवा चर काढायचा, दोन्ही टोकांना किंवा एका टोकाला उतरता. चर उथळ आणि रुंद ठेवायचा, खोल आणि उभ्या काठाचा नको, एक तर त्याचे काठ ढासळतात आणि दुसरं म्हणजे रात्री घोडा सुटला तर पाय अडकून मोडायला वेळ लागत नाही. उतार हलका ठेवायचा, पाणी पळालं की माती कापतं. तळाला दगड बसवून घ्यायचे, मध्ये मध्ये छोटे दगडी बांध टाकायचे म्हणजे वेग मोडतो आणि गाळ तिथे बसतो, तो गाळ दर पावसाच्या उघडिपीत काढायचा, हे काम कंटाळवाणं आहे पण ते नाही केलं तर चर ऑगस्टपर्यंत बुजलेला असतो. काठावर वाळा लावला तर फार छान, त्याची मुळं खोल सरळ जातात आणि माती धरून ठेवतात.

आणि चराचं पाणी सोडायचं कुठे हा प्रश्न चर खणायच्या आधी सोडवायचा. शेजाऱ्याच्या दारात नाही, चालायच्या वाटेवर नाही आणि कड्याच्या तोंडाशी एका जागी तर अजिबात नाही. जुलै 2023 मध्ये आमच्या शेजारच्या डोंगरात इर्शाळवाडीवर दरड आली, किती माणसं गेली हे सगळ्यांना माहितीय, तेव्हापासून उतारावर राहणाऱ्या आम्हा लोकांना पाणी एका जागी सोडायची भीतीच वाटते आणि वाटायलाच पाहिजे. जो जुना नैसर्गिक ओहोळ आहे त्यातच सोडायचं, आणि जिथे पाणी पडतं तिथे मोठे दगड पसरून ठेवायचे.

मग छप्पर. बहुतेक तबेल्यांना पन्हळच नाही. पागोळ्या जिथे पडतात तिथे जून संपेपर्यंत एक सरळ खोल रेघ पडलेली असते, वीतभर खोल, आणि घोडा बांधलेला असतो तो नेमका मागचे पाय त्या रेघेत ठेवून उभा. अर्धा चिरलेला सहा इंची पीव्हीसी पाईप लावला तरी काम होतं, पण जोराच्या पावसात पन्हळ भरून वाहते आणि पाचोळ्याने तुंबते, म्हणून मी तर सांगेन की पागोळीच्या खाली फूटभर रुंद चर खणून त्यात हाताएवढे दगड भरा, पाणी त्यात पडेल, उडणार नाही, आणि दगडातून आतल्या आत बाहेर जाईल. त्यावर कोणी पाय दिला तरी चालतं. शेजारी ड्रम ठेवून हे पाणी धरलं तर बादल्या धुवायला, घोड्यांचे पाय धुवायला तेच वापरता येतं.

पश्चिमेकडून झड येते, तिकडे झापं किंवा पत्रा पाहिजेच. पण सगळा तबेला निळ्या ताडपत्रीत गुंडाळू नका. ही चूक फार दिसते. बाहेरचं पाणी अडतं पण आत घोड्यांचा श्वास, मुताची वाफ सगळं कोंडतं, पत्र्याला आतून थेंब धरतात आणि खालचा भुसा वरून ओला होतो. वरच्या बाजूला, छपराच्या लगेच खाली, हवा जायला फट ठेवायलाच पाहिजे.

आत जमीन बाहेरच्यापेक्षा निदान फूटभर उंच पाहिजे. खाली दगडाचं सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी मारून धुम्मसने नीट ठोकलेला. उतार मागच्या बाजूला, आठ फुटाला दोन इंच, बस झाला. जास्त उतार दिला तर पाणी लवकर जाईल असं वाटतं पण घोडा रात्रभर तिरका उभा राहतो आणि त्याच्या पायाच्या शिरा ताणल्या जातात. गुळगुळीत कोबा करू नका, नाल मारलेला घोडा त्यावर उठताना घसरतो, आणि घसरून पडलेल्या घोड्याची हाडं जुळणं किती अवघड ते घोडेवाल्यांना सांगायला नको. मागे एक छोटी नाली, ती बंद टाकीत किंवा ड्रममध्ये, आणि ते मूत लीदीच्या खड्ड्यावर टाकायचं. भुसा किंवा भाताचा तूस भरपूर टाकला तर मूत बहुतेक त्यातच जिरतं, नालीत येतच नाही, हा माझा आवडता उपाय आहे, फक्त ओला भाग रोज उचलला पाहिजे.

लीदीच्या ढिगाला छप्पर पाहिजे, हे मी जिथे जाईन तिथे सांगतो. उघड्यावरचा ढीग म्हणजे चहाच्या पावडरीवर सतत पाणी ओतण्यासारखं आहे, सगळा अर्क खाली वाहून जातो. तोच ढीग तीन बाजूंनी भिंत, खाली उंच जोतं, वर पत्रा अशा जागी ठेवला, अधूनमधून वरखाली केला, तर आतून इतका तापतो की हात ठेववत नाही, 50-60 अंशाला माशीच्या अळ्या आणि जंतांची अंडी मरतात, आणि काही महिन्यांत मोकळं काळं खत तयार होतं. नर्सरीवाले, बागवाले घेऊन जातात. तोच ढीग पावसात भिजला तर तापत नाही, नुसता सडतो आणि कोणी फुकट पण नेत नाही.

एवढं सगळं घोडेवाल्याने करायचं, बरोबर आहे, जनावर आमचं आहे. पण काही गोष्टी आमच्या हातात नाहीत आणि पत्र लिहायला बसलो ते खरं त्यासाठी. रस्त्याची कामं होतात, दरवेळी रस्ता थोडा वर येतो, आणि कडेचा जुना तबेला होता तिथेच खाली राहतो. आमच्या वाटेचं काम झालं तेव्हा गटाराचं तोंड जिथे उघडलं ते बरोबर आमच्या तबेल्याच्या डोक्यावर. ज्यांनी काम केलं त्यांना दाखवलं, त्यांचं म्हणणं कागदावर गटार इथपर्यंतच आहे. पुढे पाणी कुठे जाणार हे कागदावर नव्हतंच. त्या पावसाळ्यात रात्री उठून फावड्याने पाणी वळवत बसलो, घोडी पोटापर्यंत भिजलेली, एक शिंगरू थंडीने थरथरत होतं, त्याला पोत्याने चोळून चोळून ऊब आणली. आणि सकाळी खालच्या वाटेवरून जाणारे लोक नाक धरून म्हणतात घोडेवाल्यांनी घाण केली. त्याचा राग अजून जात नाही.

म्हणून माझी मागणी आहे की डोंगरावर कुठल्याही रस्त्याच्या, वाटेच्या कामाचं एस्टिमेट करताना त्यात पाणी शेवटी कुठे जाणार ते लिहिलेलं असावं, ओहोळापर्यंत, मध्येच सोडून नाही. काम मंजूर करायच्या आधी त्या वाटेने भर पावसात एकदा चालून बघावं, बरोबर तिथले घोडेवाले, रिक्षावाले, दुकानदार असावेत, कारण पाणी कुठून येतं आणि कुठे वळतं हे त्यांना पाठ आहे. उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर टेप धरून ते कळत नाही.

दुसरं म्हणजे 2003 पासून हा सगळा भाग इको सेन्सिटिव्ह झोन आहे, आणि ते चांगलंच आहे, झाडं राहिली ती त्यामुळे, मोटारी नाहीत म्हणून तर इथे घोडे आहेत. पण त्यामुळे साधं जोतं उंच करायचं, लीदीच्या खड्ड्यावर पत्रा टाकायचा म्हटलं तरी माणूस घाबरतो की बेकायदेशीर बांधकाम ठरेल. तर दगड, मुरूम, पत्रा यांची एक ठरलेली साधी रचना, एवढी लांबी एवढी उंची, अशी आधीच मंजूर करून ठेवावी, म्हणजे ज्याला करायचंय त्याला कोणाच्या मागे न फिरता करता येईल. ज्याच्याकडे दोनच घोडे आहेत त्याला दगड आणि मुरुमाचा खर्च पण जड जातो, गाडी वर येत नाही, सगळं सामान घोड्याच्या पाठीवरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून आणायचं, त्यामुळे खालच्या भावाच्या कितीतरी पट पडतं. दंडाच्या पावत्या फाडण्यापेक्षा मुरुमाच्या गोण्यांना थोडी मदत झाली तर तलावाचं पाणी लवकर स्वच्छ होईल असं मला मनापासून वाटतं.

हे फक्त माथेरानचं नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी, पाचगणीला टेबललँडवर, जिथे जिथे पर्यटकांसाठी घोडे आहेत आणि कोसळणारा पाऊस आहे तिथे हेच आहे. तिकडच्या घोडेवाल्यांनी काय उपाय केलेत ते त्यांनी तुमच्या पेपरातून कळवलं तर आम्हाला उपयोग होईल, विशेषतः टेबललँडसारख्या सपाट कातळावर पाणी कसं काढतात ते मला जाणून घ्यायचंय कारण आमच्याकडे पण एक-दोन तबेले तशा सपाट जांभ्यावर आहेत आणि तिथे चर खणताच येत नाही, पहार वाजते नुसती.

चर, पागोळीचे दगड, मुरूम हे सगळं पाऊस लागायच्या आत व्हायला पाहिजे, मुरूम ओल्यात ठोकला जात नाही. वळवाची एखादी सर येऊन गेली की लगेच तबेल्याभोवती फिरून पाणी कुठून आत येतंय तिथे खुंटी ठोकून खूण करा आणि त्याच आठवड्यात चर घ्या. आमच्या आळीतल्या ज्यांना बघायचं असेल त्यांनी या, फावडी आमच्याकडे आहेत, दोघं-तिघं मिळून एका तबेल्याचा चर एका दिवसात होतो.

आपला,
एक अश्वपालक, माथेरान